विश्लेषण : कारखाना विकला, मग कामगाराच्या नोकरीचे काय?

तिकोणा पेठ आणि पवना धरणाभोवतालच्या गावांत आयटीआय झालेला मुलगा ‘कंपनीत लागला’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तळेगाव किंवा चाकणची एमआयडीसी. पण ‘कंपनी’ म्हणजे नेमके कोण? गेटवरची पाटी, शेड की नियुक्तीपत्रावरचे नाव? मावळातल्याच जनरल मोटर्सच्या तळेगाव प्रकल्पामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला.

प्रकरण काय?

२००८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. एप्रिल २०२१ मध्ये १,४०० हून अधिक कामगारांना ‘ले-ऑफ’ देण्यात आला. ले-ऑफ म्हणजे बडतर्फी नव्हे. नाव हजेरीपटावर राहते आणि मूळ वेतन व महागाई भत्त्याची निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्री करार २०२२ मध्ये बारगळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. नव्या मालकाने आम्हालाही सामावून घ्यावे, ही कामगारांची मागणी होती. ह्युंदाईचा करार मात्र जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीपुरता होता.

यंत्र जाते, नोकरी का जात नाही?

नोकरी हा करार आहे आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार संमतीने होतो. लेथ मशीन विकता येते, तसा कामगार त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या मालकाच्या हवाली करता येत नाही. हे संरक्षणच आहे, पण त्याची दुसरी बाजू कामगाराला महाग पडते. खरेदीदारावरही जुने कामगार घेण्याची सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनकापल्ली सहकारी संस्थेच्या खटल्यात १९६२ मध्येच हे स्पष्ट केले.

मग कामगाराला काय मिळते? चालू उद्योगच विकला गेला, तर वर्षभर सलग सेवा झालेल्याला नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन. महिना ३० हजार पगार आणि १२ वर्षे सेवा असेल, तर १ लाख ८० हजार रुपये. नव्या मालकाने सेवा न तोडता, अटी कमी न करता आणि जुनी सेवा धरून पुढची भरपाई देण्याची जबाबदारी घेतली, तर ही रक्कम मिळत नाही.

नुसती मालमत्ता विकली, तर वाद ‘बंद’च्या परवानगीवर येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा ३०० झाली. दीड-दोनशे कामगारांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत हा बदल सर्वाधिक बोचेल.

पत्रावर नाव कोणाचे?

नव्या संहितांनी नियुक्तीपत्र सक्तीचे केले आहे. त्यावर कंत्राटदाराचे नाव असेल, तर कागदोपत्री मालक तोच; कंत्राटदाराने पगार थकवला तर मात्र तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पत्र हाती नसेल, तर मोबाइलवर ‘उमंग’ ॲपमध्ये पीएफचे पासबुक उघडावे. पैसे कोणत्या आस्थापनेच्या नावे जमा होतात, ते तिथे दिसते.