अर्ध्या मिलिमीटरवरची दुरुस्ती

बाजारात मिळणाऱ्या आठ बाय चारच्या विनिअर शीटमध्ये खरं लाकूड असतं ते वरचं जेमतेम अर्धा मिलिमीटर. खाली सगळी प्लाय. भरीव सागवानाच्या फळीवर डाग पडला तर रंधा मारून तो काढता येतो. विनिअरवर चार हात जास्त घासले की खालची प्लाय डोकावते, आणि मग तिथे नवा तुकडा बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणूनच मुरलेला पॉलिशवाला आधी पॉलिश पेपर उचलत नाही. डाग पॉलिशमध्ये आहे की लाकडात, हे तो आधी बघतो.

गरम कपाचं पांढरं वर्तुळ बहुधा पॉलिशमध्येच अडकलेल्या ओलाव्याचं असतं. पॉलिश जुन्या पद्धतीचं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं असेल, तर इलाज सोपा. कापडात कापूस बांधून केलेल्या पोटळीला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतपत ओल द्यायची आणि ती डागावरून न थांबता फिरवायची. लाख क्षणभर सैल होते, ओलावा उडतो आणि पांढरेपणा जातो. पोटळी एका जागी थांबली, तर मात्र पॉलिशच निघून येतं.

काळा डाग खोलवरचा. लाकडातलं टॅनिन, पाणी आणि एखादा लोखंडी खिळा किंवा कुंडीची कडी एकत्र आली की शाईसारखा रंग तयार होतो. तो पेपरने जात नाही. वरचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावावं लागतं, तेही डागापुरतं नव्हे तर पूर्ण फळीवर. नाहीतर काळ्या डागाच्या जागी फिकट डाग उरतो. हे अ‍ॅसिड विषारी असतं. हातमोजे हवेतच, शिवाय वाळल्यावर राहिलेली पूड नाकात जाऊ न देता ओल्या फडक्याने नीट पुसून घ्यायची. पाणी बेताचंच वापरायचं, कारण जास्त झालं तर विनिअर फुगतं.

उन्हाची गोष्ट निराळी. अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन बदलतं, पण प्रत्येक जातीचं लाकूड वेगळं वागतं. अक्रोड फिका पडतो, चेरी गडद होते. ताज्या सागावर तर सुरुवातीला काळपट पट्टे आणि ठिपके असतात, आणि ऊन लागल्यावर तेच मिसळून सोनेरी तपकिरी होतात. त्यामुळे भिंतीवरची तसबीर हलवल्यावर सागाच्या पॅनेलवर दिसणारा चौकोन कधी कधी नुसता उघडा ठेवला तरी बराचसा मिटतो.

काही डाग मुळात डागच नसतात. पुस्तकाच्या पानांसारखी उलटून शेजारी लावलेली दोन विनिअरं वेगळ्या रंगांची वाटतात. दुसऱ्या बाजूने पाहिलं की गडद होतं ते फिकं दिसतं. तिथे फक्त प्रकाश खेळतो. उघड्या लाकडावर स्पिरिटचा हात फिरवला की पॉलिशखाली रंग कसा दिसेल ते कळतं, आणि फेव्हिकॉल वर आलेल्या जागाही उमटतात. त्या जागा स्टेन पीत नाहीत. तिथे रंग पातळ करून पॉलिशच्या थरांमधून चढवावा लागतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात आणखी एक भर पडते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि नवं लॅकर दुधाळ दिसू लागतं. अशा दिवसांत कारागीर सावकाश उडणारं थिनर मिसळतात किंवा दुपारच्या कोरड्या वेळेची वाट बघतात. रंग जुळला की नाही, हेही ते ट्यूबलाइटखाली नव्हे, खिडकीशी नेऊन ठरवतात.