खिडकीपाशी अडलेलं स्वातंत्र्य

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन महसुली मंडळं आंध्र प्रदेशात गेली. त्याच कायद्यानं आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. भैंसा मग आदिलाबाद जिल्ह्यात राहिलं, 2014 साली तेलंगणात आलं आणि ऑक्टोबर 2016 च्या जिल्हाविभाजनात निर्मल जिल्ह्यात गेलं. कागदावरची हद्द अशी सरकत राहिली, तरी घरातली, बाजारातली आणि जिनिंगच्या आवारातली मराठी जागची हलली नाही. हैदराबादचा कारभार तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत चालतो, तर मुंबईचा शासन निर्णय भोकरच्या पुढे लागू होत नाही. त्यामुळे संगणक आला तेव्हा इथल्या मराठीला सरकारदरबारी कोणी वाली नव्हता.

मुक्त सॉफ्टवेअरचा विचार मला म्हणूनच पुण्या-मुंबईपेक्षा भैंशासारख्या गावातून करावासा वाटतो. मुक्त म्हणजे ज्याची मूळ संहिता उघडी असते आणि जे कोणीही वापरावं, उलगडून पाहावं, बदलावं आणि वाटावं. ते बहुतेक वेळा फुकट मिळतं, हा त्याचा सर्वांत छोटा गुण. मोठा गुण असा, की आपल्या भाषेची सोय कंपनीनं किंवा सरकारनं करून दिली नाही, तरी आपली आपल्याला करता येते. सीमेवरच्या माणसाला याचं मोल लवकर कळतं.

आधी सरकारी धोरण पाहू, कारण कागदावर ते खरोखर चांगलं आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्रानं भारतीय भाषांच्या ई-कारभारासाठी युनिकोड हे प्रमाण ठरवलं. 2010 मध्ये खुल्या मानकांचं धोरण आलं. सरकारी माहिती ज्या स्वरूपात साठवायची त्यावर कोणाची मालकी किंवा रॉयल्टी नसावी, हे त्याचं सार. मार्च 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर झालं. निविदा काढताना मुक्त सॉफ्टवेअरला पहिली पसंती द्यायची आणि ती डावलायची असेल तर कारण नोंदवायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मेख एकच आहे. केंद्राच्या कार्यालयांना ते लागू आहे, राज्यांनी मात्र स्वीकारलं तरच. आणि आपला रोजचा संबंध येतो तो तहसील, मंडल कार्यालय, पंचायत, शाळा यांच्याशी, म्हणजे राज्याशी.

धोरण मनापासून राबवलं तर काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी मुलखातच घडलं. देशभरातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात तयार झाली. ती उभी आहे लिनक्स, पोस्टग्रेस आणि पीएचपी या मुक्त साधनांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीनं खालच्या न्यायालयांसाठी उबंटू हे लिनक्सचं रूप निवडलं आणि न्यायिक अधिकाऱ्यांना ते शिकवण्याचं कामही अंगावर घेतलं. आज भैंशाच्या कोर्टातला पक्षकार मोबाइलवर पुढची तारीख पाहतो, ती या पुण्यात घडलेल्या प्रणालीतून येते. परवान्याचा खर्च नाही हे झालंच. शिवाय प्रत्येक उच्च न्यायालयाला आपापल्या पद्धतीप्रमाणे तिच्यात भर घालता आली. देशात मुक्त सॉफ्टवेअर चालत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला कोर्टात नेऊन दाखवावं.

मग अडतं कुठे? अडतं ते खिडकीपाशी. आधारचं उदाहरण घ्या. आधारच्या मागची प्रचंड यंत्रणा लिनक्स, मायएसक्यूएल, हडूप अशा मुक्त घटकांतून उभी राहिली. पण गावोगावच्या केंद्रावर नोंदणी करणारा प्रोग्राम विंडोजसाठी लिहिलेला होता. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांच्या सेवाही मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड याच दोघांना धरून आल्या. प्राप्तिकर विभागाची एक्सेलमधली विवरणपत्रं मॅक्रोंवर चालतात. ती लिब्रेऑफिस या मुक्त साधनात उघडली तर आकडे दिसतात, बटणं चालत नाहीत. कंपनी व्यवहार खात्याचे अर्ज कित्येक वर्षं एका ठरावीक कंपनीच्या पीडीएफ वाचकाशिवाय भरता येत नसत. बऱ्याच सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी एकाच ब्राउजरचं नाव लिहिलेलं असे. दिल्लीच्या माजघरात मुक्त सॉफ्टवेअर आणि गावच्या खिडकीत बांधील सॉफ्टवेअर, ही आपल्या धोरणाची आजची अवस्था आहे. मुभा सरकारनं स्वतःला घेतली आणि सक्ती केंद्रचालकाच्या वाट्याला आली.

या सक्तीचा सर्वांत साधा नमुना म्हणजे प्रिंटर. तेलंगणातलं सरकारी सेवांचं मीसेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, वकिलाचं ऑफिस, कुठेही जा, कॅननचा एलबीपी 2900 दिसतोच. दणकट यंत्र आहे, टोनर पुन्हा भरता येतो, वर्षानुवर्षं चालतं. लिनक्सवाल्यांना मात्र त्यानं जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कुठल्या यंत्रानं क्वचितच छळलं असेल. कारण त्याच्या पोटात आहे. बहुतेक ऑफिस प्रिंटरांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट ही सर्वांना माहीत असलेली आज्ञाभाषा कळते. हा प्रिंटर ती जाणत नाही. पान रंगवण्याचं सगळं काम तो संगणकाकडून करून घेतो आणि त्यासाठी कॅप्ट नावाची कंपनीची खासगी भाषा वापरतो. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण तो जुन्या 32 बिटी लायब्रऱ्यांवर अवलंबून असलेला. सीसीपीडी नावाची एक सेवा मागे चालू ठेवावी लागे. संगणक आणि प्रिंटर चुकीच्या क्रमानं सुरू केले की ती सेवा गप्प. प्रणालीची नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून खटपट. शेवटी काही स्वयंसेवकांनी यूएसबीवरून जाणारे संदेश टिपून ती भाषा उलगडली आणि मुक्त ड्रायव्हर लिहायला घेतला. एका प्रिंटरपायी कितीतरी केंद्रचालक विंडोजकडे परतले असतील. सरकारी खरेदीच्या निविदेत ‘लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर हवा’ एवढी एक ओळ असती, तर कंपन्यांनी निमूटपणे तो दिला असता. एवढं मोठं गिऱ्हाईक कोणी सोडत नाही.

अशीच सक्ती तारखेनंही येते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 ला मिळणारा नियमित आधार संपला. पुढच्या आवृत्तीला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळांतले, पंचायतींतले आणि केंद्रांवरचे धडधाकट संगणक एका तारखेनं निवृत्तीला आले. 2014 साली एक्सपीच्या वेळी हेच झालं होतं. यातल्या बहुतेक यंत्रांवर डेबियन किंवा लिनक्स मिंट आणखी काही वर्षं सुखानं चालेल. त्यासाठी नवं धोरण नको, 2015 च्या कागदावरची धूळ झटकली तरी पुरे.

राज्यानं मनावर घेतलं तर काय साधतं, हे केरळनं दाखवलं. तिथल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पानं गेल्या दोन दशकांत शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. प्रकल्पाची उत्तराधिकारी संस्था असलेल्या काइटनं 2019 मध्ये 2 लाखांवर शालेय संगणकांसाठी उबंटूवर आधारित प्रणाली काढली, तेव्हा वाचणारी रक्कम 3,000 कोटी रुपये सांगितली होती. मला त्या रकमेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. केरळमध्ये आधी शिक्षक तयार केले गेले, आणि स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या स्वयंसेवकांच्या गटानं भाषेची बाजू सांभाळली. सरकार आणि हौशी तंत्रज्ञ एकमेकांना धरून चालले. तमिळनाडूत एल्कॉट या सरकारी महामंडळानं सी. उमाशंकर या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत लिनक्सची कास धरली होती. पण एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीनंतर टिकवणं अवघड असतं. हैदराबादची स्वेच्छा ही संस्था तेलुगूसाठी हेच काम 2005 पासून करते आहे. बासरचं राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ भैंशापासून जवळ, 2008 सालचं. सीमेवरच्या मराठीचं काम अंगावर घेणारी मुलं तिथून निघू शकतात.

महाराष्ट्रात सुरुवात चांगली झाली होती. कर्जतजवळच्या खैराट या धनगरवाड्यावर 2007 मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ प्रकल्पाचा देशातला पहिला प्रयोग झाला. एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुलं आणि त्यांच्या हातात लिनक्सवर चालणारी हिरवी-पांढरी छोटी यंत्रं. गोव्यात त्याआधीच शाळांना जुने संगणक लिनक्स घालून दिले गेले होते. आयआयटी मुंबईचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिब्रेऑफिसपासून सायलॅबपर्यंतचे धडे मराठीत आणले. ते आजही फुकट मिळतात आणि खेड्यातल्या मुलाला एकट्यानं बसून शिकता येतात. पण राज्यातल्या बहुसंख्य तरुणांनी संगणकाची ओळख करून घेतली ती एमएस-सीआयटीतून. 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला, हे त्याचं श्रेय निर्विवाद आहे. मात्र तो प्रामुख्यानं विंडोज आणि ऑफिसभोवती रचलेला राहिला आणि सरकारी नोकरीच्या अटींत जाऊन बसला. संगणक म्हणजे एका कंपनीचा संगणक, अशी समजूत राज्याच्या एका अख्ख्या पिढीत त्यातून रुजली. हे घडायला नको होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मराठीकडे येतो, कारण मुक्त सॉफ्टवेअरचं आपल्यावरचं सर्वांत मोठं ऋण इथे आहे. नव्वदच्या दशकात प्रत्येक मराठी फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका कंपनीच्या फॉन्टातला मजकूर दुसरीकडे नेला की रोमन अक्षरांचा गिचमिडा व्हायचा. कितीतरी शासकीय कागद आणि दिवाळी अंकांची पानं त्या कोठडीत अजून अडकली आहेत. युनिकोडनं सुटका केली, पण युनिकोड ही फक्त क्रमांकांची यादी. अक्षर दिसायला फॉन्ट हवा. विंडोजवर तो मंगल होता, र. कृ. जोशी यांनी रेखलेला. लिनक्सवर 2004 मध्ये लोहित आला. मूळ आखणी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, मुक्त परवान्याखाली प्रकाशन रेड हॅटचं. मराठीचा पाकळीदार ल आणि गाठीचा श हिंदीहून निराळे, म्हणून लोहितची मराठी आवृत्ती वेगळी निघाली. पुढे मुंबईच्या एक टाइपनं मुक्ता आणि बलू दिले. भैंशातल्या मुलानं आज लग्नपत्रिका जुळवायला घेतली, तर हे सगळे फॉन्ट त्याला कोणाची परवानगी न घेता वापरता येतात, त्यात बदलही करता येतो.

तरी कामं बाकी आहेत, आणि ती बारीक आहेत. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, हा एक प्रकार. साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह, हा दुसरा. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना मात्र संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. एका पद्धतीनं शोधलेला शेतकरी दुसऱ्या पद्धतीनं टंकलेल्या शासन निर्णयात सापडत नाही. ‘ॲ’चंही तसंच. या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला 2008 च्या युनिकोड 5.1 मध्ये. त्याआधी, आणि कित्येक ठिकाणी अजूनही, अ वर चंद्र देऊन ते लिहिलं जातं. दोन्ही रूपं एकच धरावीत हा बदल शोधयंत्रात करणं मोठं काम नाही. संहिता उघडी असेल तर मराठी जाणणारा कोणीही तो करू शकतो. बंद असेल तर कंपनीला पत्र लिहून वाट पाहायची.

अलीकडे या चर्चेत स्वदेशीचा सूर मिसळला आहे. संरक्षण मंत्रालयानं 2023 मध्ये उबंटूवर आधारलेली माया ही प्रणाली हाती घेतली, ते योग्यच झालं. सी-डॅकची बॉस प्रणाली तर 2007 पासून आहे, डेबियनवर बेतलेली. केंद्रीय कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था मात्र झोहोकडे गेली आणि 2025 मध्ये झोहोचं ऑफिस वापरण्याच्या सूचनाही निघाल्या. कंपनी भारतीय आहे, याचं समाधान मलाही आहे. पण तिची संहिता बंद आहे. उद्या तिनं दर वाढवले किंवा एखादी भाषा वगळली, तर आपण पुन्हा गिऱ्हाईकच. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं लिनक्सवर नेलेला कारभार 2017 मध्ये माघारी वळवला, हे विरोधक नेहमी सांगतात. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं 2024 मध्ये सुमारे 30,000 कार्यालयीन संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं, हेही सांगायला हवं. तिथे मुद्दा देशी-विदेशीचा नव्हता, नागरिकांची माहिती कोणाच्या ताब्यात राहावी याचा होता.

भैंशात बसून आज करता येईल असं एक काम आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांत मराठी शुद्धलेखन तपासलं जातं ते हनस्पेल या मुक्त साधनानं. त्याची शब्दसूची साध्या मजकुराच्या फायलीत असते. पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या आणि खाली दर ओळीला एक शब्द, इतकीच तिची रचना. पट्टादार, पहाणी, मंडल, रयतू बंधू, मीसेवा, जमिनीच्या नोंदींची 2020 साली आलेली धरणी आणि तिच्या जागी 2025 पासूनची भू भारती, हे इथल्या मराठी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. पुण्या-मुंबईत बसून यादी करणाऱ्याच्या कानावर ते पडण्याचं कारण नाही. मुधोळ, कुबीर, तानूर, भैंसा इथल्या अर्जांतून, निमंत्रणांतून आणि जिनिंगच्या पावत्यांतून ते वेचावेत, युनिकोडमध्ये नीट टंकावेत, शेतकऱ्यातला र एकाच पद्धतीनं लिहावा आणि ती फाइल सूची सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाठवावी.