जुनी बोलेरो-स्कॉर्पिओ घेताय? बॉनेट उघडण्याआधी ‘बोजा’ बघा

उसाचं बिल जमा झालं, कांद्याला बरा भाव मिळाला की गावागावांत जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. घरात सात-आठ माणसं, त्यात म्हातारी माणसं आणि लेकरं. दवाखाना, लग्नकार्य, देवदर्शन सगळ्याला गाडी लागते. नवी मोठी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून चार-पाच लाखांत जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा सुमो शोधली जाते.

बघायला जाताना सोबत मेकॅनिक नेला जातो, पण कागद बघणारा कुणी नसतो. इंजिन बिघडलं तर पैसे घालून नीट होतं. कागदात फसलं तर पैसे देऊनही गाडी नावावर होत नाही. म्हणून पहिली तपासणी कागदांची करावी.

आरसीवरचा बोजा

सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो, तसाच गाडीच्या आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा असतो. मालक सांगतो, ‘हप्ते कधीच फिटले.’ पण आरसीवरची नोंद कमी केलेली नसेल तर गाडी नावावर करताना काम अडतं. हप्ते खरंच थकलेले असतील तर कंपनी गाडी ओढून नेऊ शकते, मग ती कुणाच्याही दारात उभी असो.

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, पासिंगची मुदत अशी बरीच माहिती मोबाईलवर दिसते. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. थकलेले ई-चलनही ऑनलाइन बघावेत आणि विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यावेत. चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष बघून आरसीशी जुळवावा.

पासिंग किती वर्षं उरलंय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी स्वस्त मिळाली तरी तिची मुदत २०२७ मध्ये संपते. पुढे गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते आणि ५ वर्षांसाठी मुदत वाढते. त्याची फी आणि पर्यावरण कर वेगळा. हा खर्च भाव ठरवतानाच धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघावं.

परराज्यातल्या गाड्यांबाबत जास्त सावध राहावं. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण त्यांना तिकडच्या आरटीओचं एनओसी लागतं आणि महाराष्ट्रात कर भरावा लागतो. हे धरलं की स्वस्ताई बरीच कमी होते.

पिवळ्या पाटीची गाडी घरासाठी घेत असाल तर परमिट रद्द करून ती खासगीत नोंदवून घ्यावी लागते. उलट, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून वडाप केलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आता गाडी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. ‘आधीच चालू करून ठेवली’ म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. थंड इंजिन पटकन चालू होतं का आणि धूर कसा येतो, ते बघावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. सारखा काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरचं काम. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढलं आणि आतून जोरात वाफ आली तर मोठं काम जवळ आलंय.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंग घासलेलं आणि आकडा मात्र ६० हजार, असं असेल तर सर्व्हिसची जुनी बिलं मागावीत. टायरवर चार आकडी तारीख असते. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालातला ३२ वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी इतका जुना टायर बदलायलाच आलेला असतो.

गाडीखाली वाकून चेसिसवर वेल्डिंग किंवा गंज आहे का, ते बघावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात अनेक गाड्या पाण्यात गेल्या होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. टोकाला चिखलाचा डाग, सीटखालच्या पट्ट्यांना गंज, कार्पेटला कुबट वास असेल तर त्या गाडीचा नाद सोडावा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी रोज फक्त शेत-बाजार अशी दोन-चार किलोमीटर फिरणार असेल तर तो चोंदतो आणि खर्च मोठा येतो. घरच्या माणसांना बसवूनही बघावं. बोलेरोत मागची बाकं समोरासमोर आडवी असतात. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसांना ती सोसत नाहीत.

पैसे आणि नाव

पाच लाखांचं बजेट असेल तर गाडी सव्वाचार लाखांपर्यंतचीच बघावी. उरलेले पाऊण लाख टायर, बॅटरी, क्लच, विमा आणि आरटीओच्या खर्चाला लागतात. व्यवहार बँकेतून करावा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यानुसार घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. काही रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवावी आणि तसं कागदावर लिहून घ्यावं.

स्टॅम्पवर लिहून दिलं म्हणजे गाडी नावावर झाली, असं होत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन आरटीओत नोंद बदलावी लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा नावावर करण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करावा. तो केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही.

हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यामुळे ‘पाहुण्यातलाच व्यवहार आहे, नाव नंतर करू’ असं म्हणून गाडी देऊही नये आणि घेऊही नये. सह्या झाल्या की त्याच आठवड्यात अर्ज करावा, त्याची पावती दोघांनीही मोबाईलमध्ये ठेवावी आणि नव्या नावाची आरसी बघूनच राहिलेले पैसे द्यावेत.