सगळ्यात एकाकी गावातले स्काऊट

दोस्तांनो, शाळेत स्काऊटचा तास असतो ना? गळ्यात स्कार्फ, हातात दोरी आणि गाठ जमेपर्यंत चाललेली खटपट! आता असं गाव डोळ्यांसमोर आणा, जिथून माणसांची सगळ्यात जवळची वस्ती २,४०० किलोमीटरांवर आहे. मध्ये फक्त समुद्र. त्या गावातही स्काऊट होते, बरं का!

हे गाव आहे दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन द कुन्हा बेटावर. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच तो. आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनी उंच! त्याच्या पायथ्याशी जी थोडीशी सपाट जागा आहे, तिथे गाव. तिथे विमानतळ आजही नाही. केपटाऊनहून बोटीने निघालं, तर पोहोचायला आठवडा लागतो.

१९२२ साली या बेटावर रॉजर्स नावाचे पाद्री आले आणि त्यांनी मुलांचं स्काऊट पथक उभं केलं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘क्वेस्ट’ नावाचं जहाज तिथे आलं. ते दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून परतत होतं. मोहिमेचे नेते शॅकलटन वाटेतच, जानेवारीत वारले होते. या जहाजावर जेम्स मार नावाचा एक स्कॉटिश स्काऊट होता. मोहिमेसाठी निवड झाली तेव्हा तो अवघ्या १८ वर्षांचा होता! स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी पाठवलेला झेंडा त्याने बेटावरच्या पथकाच्या हाती दिला. मला तर त्या मुलांचे चेहरे बघायला फार आवडलं असतं.

आणि गंमत बघा. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली मुलांचं पहिलं शिबिर भरवलं, तेही एका बेटावरच, इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर. तिथे मुलं मुद्दाम तंबूत राहून जे शिकत होती, ते ट्रिस्टनच्या मुलांचं रोजचंच जगणं होतं. त्यांच्या होड्याच बघा ना. बेटावरची झाडं खुजी आणि वेडीवाकडी, त्यांच्या सरळ लांब फळ्या निघणार कशा? म्हणून तिथले लोक वाकड्या फांद्या आणि वाहून आलेलं लाकूड जोडून सांगाडा करत, त्यावर जाड कॅनव्हास ताणून बसवत आणि रंग देत. होडी इतकी हलकी व्हायची, की माणसं तिला झटकन किनाऱ्यावर ओढून घेत. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर अशीच होडी हवी!

‘तयार राहा’ हे स्काऊटचं ब्रीद. १९६१ साली बेटावरचा ज्वालामुखी गावाशेजारीच फुटला. तेव्हा सगळेच्या सगळे गावकरी होड्यांतून निघाले आणि सुखरूप वाचले. दोन वर्षांनी बहुतेक जण हट्टाने परतले. आजही ते गाव तिथेच नांदतंय.

आणि मार? तो पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाला. आपल्या कोकणातल्या जवळ्याची थोरली बहीण शोभेल अशा ‘क्रिल’चा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला. करंगळीएवढं हे क्रिल खाऊनच निळा देवमासा एवढा अवाढव्य होतो. १९६२ साली त्याचा क्रिलवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता नकाशा उघडा. ३७ अंश दक्षिण, १२ अंश पश्चिम. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधल्या निळ्या रंगात एक बारीक ठिपका दिसतोय? नसेल दिसत, तर भिंग घ्या!