‘एक नंबर’च्या पुढे काय?

रविवारी रात्री गेम अपलोड केला आणि हॉस्टेलच्या कॉटवर अक्षरशः कोसळलो. ४८ तासांचा गेम जॅम होता. म्हणजे थीम मिळाल्यापासून ठरलेल्या वेळात अख्खा गेम तयार करायचा. कोड माझा, चित्रं रूममेटची. सकाळी ग्रुप उघडला तर ‘भारी’, ‘कडक’, ‘एक नंबर’ यांचा पाऊस! आम्ही हवेत.

दुपारी जॅममधल्याच एका अनोळखी मुलीचा फीडबॅक आला. ‘दुसऱ्या लेव्हलला चार वेळा विहिरीत पडले. विहीर आणि झाडाची सावली एकाच रंगाची आहे, त्यामुळे विहीर दिसलीच नाही. मग कंटाळून गेम बंद केला. उडीचा ‘टुप्प’ आवाज मात्र इतका गोड आहे की, आधीच्या लेव्हलला नुसत्याच उड्या मारत बसले होते.’

आधी राग आला. मग ‘एक नंबर’वाल्या मित्राला सहज विचारलं, ‘शेवटचा साप कसा वाटला?’ तो म्हणाला, ‘साप होता?’ आणखी तिघांना विचारलं. साप कुणालाच भेटला नव्हता. सगळे विहिरीतच!

म्हणजे गेम अडतोय हे चौघांना माहीत होतं, आम्हाला सांगितलं एकीनेच. मित्रांना आमचं मन मोडायचं नव्हतं, इतकंच. पण जॅमच्या गेमला मिळणारी खरी कमाई म्हणजे हा फीडबॅकच. २००२पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’ या जॅममध्ये तर एकमेकांचे गेम खेळून त्यांना रेटिंग देणं हा स्पर्धेचाच भाग असतो. ‘बाबा इज यू’ हा गाजलेला पझल गेम २०१७च्या ‘नॉर्डिक गेम जॅम’मध्ये जन्मला आणि पूर्ण रूपात २०१९मध्ये आला. जॅममधला गेम हा असा कच्चा खर्डा असतो. तो पुढे न्यायचा तर कुठे काय अडतंय ते कळायला हवं.

मग सांगायचं कसं? त्या मुलीने केलं तसं. निकाल देऊ नका, तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा. ‘कंट्रोल्स बेकार आहेत’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘पळताना उडीचं बटण दाबलं तर कधी कधी उडी बसत नाही’ म्हणालात की, चूक कुठे शोधायची ते कळतं. मोबाइलवर खेळलात की लॅपटॉपवर, कोणत्या ब्राउझरवर, हेही सांगा. गेम अर्धवट सोडला असेल तर लाजू नका. कुठे सोडला, ही सगळ्यात कामाची माहिती आहे.

उपाय सुचवण्याआधी एक प्रश्न विचारा : ‘विहीर मुद्दाम लपवली होती का?’ कदाचित तीच गंमत असेल. आणि दोन दिवसांत बनलेल्या गेममध्ये ‘मल्टिप्लेअर हवं होतं’ असलं काही मागू नका राव!

कौतुकही नेमकं हवं. तो ‘टुप्प’ आम्ही तात्पुरता टाकला होता, बदलणारच होतो. तिच्यामुळे तो वाचला. काय आवडलं ते सांगितलं नाही, तर दुरुस्तीच्या नादात नेमकं तेच उडवलं जातं.

विहिरीला आम्ही पांढरा कठडा काढला. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी तोच ‘एक नंबर’वाला मित्र पुन्हा खेळायला बसला. या वेळी मी गप्प राहून फक्त त्याचे हात बघत होतो. विहीर पार झाली, साप आला. खेळ संपवून तो म्हणाला, ‘साप फारच हळू आहे रे. मी त्याच्यावरून दोनदा उड्या मारल्या, त्याला पत्ताच नाही.’

दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याने आम्हाला काहीतरी कामाचं सांगितलं होतं. मी लगेच लॅपटॉप पुढ्यात ओढला.