अधिक-उणे ४८

एका हौशी बुद्धिबळ इंजिनाच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या, नव्या आवृत्तीने जुनीला १०० डावांत ५४-४६ असे हरवले. इलो रेटिंगच्या भाषेत हा निकाल २८ गुणांची वाढ दाखवतो, अधिक-उणे ४८. म्हणजे खरा फरक उणे २० पासून अधिक ७६ पर्यंत कुठेही असू शकतो. दोन्ही आवृत्त्या तंतोतंत सारख्या असल्या, तरी ठरावीक एका बाजूला १०० पैकी ५४ किंवा जास्त गुण सुमारे सातातून एकदा मिळतातच. ‘नवी आवृत्ती सरस’ असे जाहीर करायला एवढा पुरावा पुरत नाही.

४८ हा आकडा साध्या गणितातून येतो. ताकद जवळपास सारखी असेल आणि निम्मे डाव बरोबरीत सुटत असतील, तर ९५ टक्के खात्रीची त्रुटी म्हणजे ४८१ भागिले डावांच्या संख्येचे वर्गमूळ. ४०० डावांना ती २४ गुण, १,००० डावांना १५, १० हजारांना ४.८ आणि एक लाख डावांना १.५. त्रुटी निम्मी करायची तर डाव चौपट लागतात. हा चौपटीचा नियम हौशी प्रोग्रामरचे वेळापत्रक ठरवतो, कारण इंजिनातल्या एकेका सुधारणेचे मोल बहुतेक वेळा एक ते दहा गुणांच्या आतच असते. पाच गुणांची सुधारणा म्हणजे १,००० डावांत ५००ऐवजी ५०७ गुण. हे सात गुण योगायोगातून वेगळे काढणे हेच चाचणीचे काम.

नाशिकमधल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी चार कोअरचा संगणक आहे असे धरू. हौशी मंडळींत रूढ असलेली वेळ म्हणजे प्रत्येक बाजूला दहा सेकंद आणि दर चालीला ०.१ सेकंद. असा डाव सरासरी अर्ध्या मिनिटात संपतो. चार डाव एकाच वेळी चालू ठेवले तर मिनिटाला ८, तासाला ४८०, दिवसाला ११,५२०. संगणक १०० वॉट खातो असे धरल्यास दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एकटे इंजिन खाते. घराचा बाकी वापर ६० युनिट असेल तर बिल दुसऱ्या टप्प्यात जाते. छंदाचा खर्च घरच्यांना कळतो तो इथे. एप्रिल-मे महिन्यांत तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे दुपारच्या आणि पहाटेच्या डावांत इंजिन सारख्याच खोलीपर्यंत पुढच्या चाली पाहू शकत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती एकाच यंत्रावर एकाच वेळी समोरासमोर खेळवतात, त्याचे हेही एक कारण आहे: उकाडा दोघींच्या वाट्याला सारखाच येतो.

माणसांच्या बुद्धिबळात इतके डाव खेळवण्याची चैन नाही. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२३ची ग्रँड स्विस जिंकून कँडिडेट्स स्पर्धेला पात्र ठरला. एप्रिल २०२४मध्ये टोरोंटोत तो १४ डाव खेळला आणि त्याने ६ गुण मिळवले. हिकारू नाकामुराला दोनदा हरवले. १४ पैकी ६ म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीपेक्षा ५० इलो गुण कमी. निम्म्या बरोबरीच्या त्याच गृहीतकावर त्रुटी निघते अधिक-उणे १२९. ताकदीचे मोजमाप म्हणून या स्पर्धेने विदितबद्दल जवळजवळ काहीच सिद्ध केले नाही. ते तिचे कामही नव्हते. तिला जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडायचा होता. स्पर्धा ४ ते २१ एप्रिल अशी १८ दिवस चालली. तेवढ्या दिवसांत वरचा चार कोअरचा संगणक २ लाख ७ हजार डाव खेळवतो.

तरीही डाव पुरत नाहीत. पाच गुणांची सुधारणा खरी की भास, हे ठरवताना दोन्ही बाजूंची चूक ५ टक्क्यांत ठेवायची असेल, तर आधीच संख्या ठरवून खेळवलेल्या चाचणीला सुमारे २६ हजार डाव लागतात, म्हणजे ५४ तास. म्हणून बहुतेकजण क्रमिक चाचणी वापरतात. तिचे इंग्रजी लघुरूप ‘एसपीआरटी’ हाच या वर्तुळातला रोजचा शब्द आहे. प्रत्येक निकालानंतर पुराव्याची एक बेरीज पुढे किंवा मागे सरकते. ती अधिक २.९४ला पोचली तर बदल मंजूर, उणे २.९४ला पोचली तर नामंजूर. सुधारणा खरोखर पाच गुणांची असेल तर सरासरी १२,८०० डावांत निकाल लागतो: २७ तास, २.७ युनिट. डाव निम्मे, वीजही निम्मी. खरा फरक शून्य आणि पाच यांच्या बरोबर मध्ये, अडीच गुणांचा असेल, तर मात्र बेरीज दोन्ही भिंतींमध्ये घुटमळत राहते आणि सरासरी २१ हजार डाव जातात.

ही पद्धत संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांची. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ती युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी कोलंबिया विद्यापीठात विकसित केली आणि १९४७ साली त्यावर पुस्तक काढले. वाल्ड यांचा शेवट भारतात झाला: व्याख्यान दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५०मध्ये नीलगिरीत झालेल्या विमान अपघातात. तोफगोळ्यांची खेप घ्यायची की परत पाठवायची, यासाठीचे हे गणित आज उंटांच्या जोडीला किती बोनस द्यायचा, याचा निवाडा करते.

क्रमिक चाचणीही चौपटीच्या नियमातून सुटत नाही. पाचऐवजी दोन गुणांचा फरक पकडायचा तर ८० हजार डाव, सात दिवस. एका गुणाचा पकडायचा तर ३ लाख २० हजार डाव, म्हणजे २८ दिवस. महिनाभर संगणक दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही आणि हाती येणार एक गुण, तोही बदल उपयोगाचा असला तरच.

या सगळ्या अधिक-उणेच्या आधी एक चाचणी अशी आहे, जिच्यात त्रुटी शून्य असते. सुरुवातीच्या पटावरून किती वेगवेगळ्या चाल-मालिका निघतात, ते इंजिनाकडून मोजून घ्यायचे. या मोजणीला ‘पर्फ्ट’ म्हणतात. एक चाल: २०. दोन: ४००. तीन: ८,९०२. चार: १,९७,२८१. पाच: ४८,६५,६०९. सहा: ११,९०,६०,३२४. उत्तर एकाने जरी चुकले तर इंजिनाला नियम येत नाहीत. चूक कुठे आहे, तेही आकडाच सांगतो. पाच चालींचे उत्तर ४८,६५,३५१ आले तर २५८ कमी पडलेत, आणि त्या खोलीवर एन पासंटने प्यादे मारण्याच्या चाली बरोबर २५८ आहेत. प्रोग्रामर ती चाल लिहायला विसरला आहे. कोड उघडूनही पाहावा लागत नाही.

याच मोजणीची खोड अशी की सहा चालींपर्यंतचा आकडा जुळला तरी कॅसलिंगची तपासणी झालेलीच नसते. प्यादे, घोडा आणि उंट हलवल्याखेरीज पांढऱ्याला कॅसलिंग करता येत नाही, म्हणून ते लवकरात लवकर त्याच्या चौथ्या चालीला, म्हणजे एकूण सातव्या चालीला होते. यावर उपाय म्हणून ‘किवीपीट’ नावाची मुद्दाम रचलेली स्थिती वापरतात. तिच्यात पहिल्याच चालीला ४८ पर्याय असतात आणि त्यांत दोन कॅसलिंगचे. चार चालींपर्यंत गेले की एकूण ४०,८५,६०३, आणि त्यांत प्याद्याच्या बढतीच्या १५,१७२. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हाही याच जातीचा, कोणालाही पडताळता येणारा आकडा आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करत गेले की सात पायऱ्यांच्या आत तिथे पोचता येते. पडताळायला संस्थेची मान्यता लागत नाही, कागद पुरतो. पर्फ्टला संगणक लागतो, इतकाच फरक.

पर्फ्ट जुळले की पुन्हा डावांच्या जगात यावे लागते, आणि तिथे आकडे फसवतात. वीस निरुपयोगी बदल ५ टक्क्यांच्या कसोटीवर एकेक करून तपासले, तर त्यांतला किमान एक ‘यशस्वी’ ठरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. भरपूर कल्पना सुचणाऱ्या माणसाच्या इंजिनात निरुपयोगी कोडही भरपूर साचते, ते यामुळे. दुसरी फसगत स्वतःशीच खेळण्याची: जुन्या आवृत्तीविरुद्ध दिसलेली वाढ परक्या इंजिनांसमोर बहुधा आटते, कारण नव्या आवृत्तीला नेमकी जुनीची दुखणी ठाऊक झालेली असतात. तिसरी, घड्याळाची. शंभरातला एक डाव वेळ संपल्याने गेला तर सरासरी अर्धा गुण जातो, म्हणजे साडेतीन इलो. दोन दिवस चाचणी करून मिळवलेले पाच गुण घड्याळाच्या कोडमधल्या एका ओळीने बहुतांशी परत जातात. म्हणून निकालाच्या फाइलमध्ये गुणांच्या आधी वेळेवर हरलेले डाव मोजावेत. नवखे लोक नेमके तेच मोजत नाहीत.

प्रकाशनाच्या दिवशीही एक आकडा लागतो. ठरावीक स्थितींचा संच ठरावीक खोलीपर्यंत तपासताना इंजिनाने एकूण किती स्थिती पाहिल्या, ती संख्या म्हणजे त्या आवृत्तीची सही. तिला ‘बेंच’ म्हणतात. विंडोजची फाइल आणि लिनक्सची फाइल यांचा बेंच एकच यायला हवा. नव्या प्रोसेसरच्या एव्हीएक्स२ आज्ञा वापरणारी आणि न वापरणारी अशा दोन फाइल्स द्याव्या लागतात, त्यांचाही तोच. कोड फक्त नीटनेटका केला असेल तर बेंच बदलता कामा नये, आणि बदलला तर नकळत काहीतरी मोडले आहे. इंजिनाने इतर सॉफ्टवेअरशी कसे बोलायचे हे यूसीआय प्रोटोकॉलने नोव्हेंबर २०००मध्ये ठरवून दिले, त्यामुळे परक्याच्या संगणकावर ते चालवायला लेखक शेजारी असावा लागत नाही.

मग परके लोक ते खेळवतात. सीसीआरएल या यादीचे स्वयंसेवक इंजिने एकमेकांशी झुंजवून रेटिंग प्रसिद्ध करतात. ६०० डाव झाले तर त्रुटी अधिक-उणे २०. जुन्या आवृत्तीचेही ६०० डाव झालेले असतील, तर दोन रेटिंगांतल्या फरकाची त्रुटी २८ होते. परिणाम असा की नवी आवृत्ती खरोखर १५ गुणांनी सरस असली, तरी यादीत ती जुनीच्या खाली दिसण्याची शक्यता सुमारे १५ टक्के उरते. या यादीतले ३,००० आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीतले ३,००० यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. दोन्ही मोजपट्ट्यांवर इलोच असले तरी खेळाडूंचे गट वेगळे आहेत.

मोठ्या प्रकल्पांचे आकडे पाहिले की अडचण कोडची आहे की डावांची, ते कळते. स्टॉकफिश हे मुक्त बुद्धिबळ इंजिन २००८मध्ये आले. २०१३ साली त्याच्यासाठी ‘फिशटेस्ट’ सुरू झाले, ज्यात स्वयंसेवक आपले संगणक चाचणीसाठी जोडतात. त्यानंतरच्या बारा महिन्यांत इंजिन सुमारे १२० गुणांनी वाढले. जून २०२३च्या १६व्या आवृत्तीपासून सप्टेंबर २०२४च्या १७व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांहून थोड्या अधिक काळात, जाहीर झालेली वाढ कमाल ४६ गुणांची. मार्च २०२५च्या १७.१मध्ये कमाल २० गुणांची. ४६ गुण म्हणजे १०० डावांत ५६.६, वीस गुण म्हणजे ५२.९. शिखरावर समतोल सुरुवातीचे डाव बरोबरीतच अडकतात, म्हणून एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडून तीच स्थिती रंग बदलून दोनदा खेळवतात आणि डावांऐवजी जोड्या मोजतात. सतराव्या आवृत्तीचा दुसरा दावा त्याच हिशेबाचा होता: हरलेल्या प्रत्येक जोडीमागे साडेचारपर्यंत जोड्या जिंकल्या.

जून २०१८पर्यंत फिशटेस्टवर ८४ कोटींहून अधिक डाव झाले होते. नाशिकच्या त्या चार कोअरच्या संगणकाला तेवढे डाव खेळवायला २०० वर्षे लागली असती.

हौशी प्रोग्रामरने या आकड्याशी स्पर्धा करायची नाही, चौपटीच्या नियमाशी करायची आहे, आणि तिथे त्याच्या हातात एकच साधन आहे: यंत्रांची संख्या. ‘ओपनबेंच’ हे अँड्र्यू ग्रँट यांचे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. अनेक लहान इंजिनांचे लेखक आपापले संगणक एकत्र बांधतात आणि जी चाचणी रांगेत पुढे असेल तिला सगळी यंत्रे मिळू शकतात. चार कोअरचे दहा संगणक जोडले तर दिवसाला १ लाख १५ हजार डाव होतात, आणि एका गुणाच्या सुधारणेचा २८ दिवसांचा निकाल २.८ दिवसांत लागतो. त्या वेळात दहाही घरांचे मिळून ६७ युनिट जळतात, एका घराचे सात युनिटांच्या आत.