काळ्या मिरीच्या बदल्यात जहाज

पोर्तोगाच्या राजाला काळी मिरी हवी आहे. ती पूर्वेकडच्या देशात मिळते असं त्याच्या कानावर आलंय, आणि आणून देणाऱ्याला तो समुद्रावर जाणारं जहाज बक्षीस देणार आहे. त्याचं पत्र घेऊन आपण डोंगरातली बंद वाट उघडून घेतो आणि नदीकाठच्या बाहाराता नावाच्या गावी पोचतो. तिथे मिरीच्या दुकानदार म्हाताऱ्याची नात तानिया हिला कांदाता नावाच्या डाकूने पळवलंय, आणि तिला सोडवायला तिचा प्रियकर गुप्ता एकटाच निघालाय आणि तोही अडकलाय. दोघांची सुटका केली की गुप्ता दुकान सांभाळू लागतो आणि पैसे न घेता मिरी देतो.

हा प्रसंग 'ड्रॅगन क्वेस्ट ३' या जपानी व्हिडिओ गेममधला आहे. त्याच्या जगाचा नकाशा आपल्या पृथ्वीवरच बेतलेला: रोमारिया रोमच्या जागी, इसिस इजिप्तच्या, जिपांग जपानच्या. बाहाराता कोणत्या देशाच्या जागी आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको, आणि मिरीसाठी पोर्तुगीज कुठवर आले हे गोव्याच्या माणसाला तर नकोच नको. मसाल्याच्या व्यापाराचा केवढा तरी इतिहास लेखक युजी होरी यांनी एका देवाणघेवाणीत बसवला. बक्षीसही नेमकं निवडलं. जहाज हाती आलं की सगळं जग खुलं होतं, आणि आता कुठे जा हे कुणीच सांगत नाही.

होरी आवाजी बेटावरचे, जन्म १९५४ चा, मुळात मासिकांतून लिहिणारे. एनिक्स कंपनीच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेतून ते आणि कोइची नाकामुरा पुढे आले. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या अमेरिकन खेळांनी दोघांना झपाटलं होतं, पण ते खेळ कॉम्प्युटरवाल्यांचे. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर, हातातल्या मोजक्या बटणांनी, शाळकरी पोरालाही तशीच भटकंती करता यावी असं होरींच्या मनात होतं. चित्रांसाठी आकिरा तोरियामा आले. होरींनी चिखलाच्या गोळ्यासारखा एक राक्षस काढून दिला, तोरियामांनी त्याचा हसरा निळा थेंब केला. तोच पुढे या मालिकेची ओळख झाला. संगीतकार कोइची सुगियामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, टीव्हीसाठी काम करून नावारूपाला आलेले. एनिक्सच्या शोगी या जपानी बुद्धिबळाच्या एका खेळाबरोबर आलेलं अभिप्रायाचं पोस्टकार्ड त्यांनी भरलं, आणि त्यातून ते या मंडळींत दाखल झाले.

पहिला खेळ २७ मे १९८६ चा, ६४ किलोबाइटचा. जागा इतकी अपुरी की काताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरंच घेता आली, आणि राक्षसांची नावं तेवढ्यातच बसवावी लागली. खेळ जतन करायची सोय नव्हती; वीस अक्षरांचा मंत्र कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुढच्या वेळी चूक न करता भरायचा. दुसऱ्या खेळात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. तिसऱ्यात कॅसेटमध्येच बॅटरी बसवली आणि मंत्र गेला. बॅटरीने दगा दिला तर जतन केलेली 'साहसाची वही' पुसली गेल्याचा निरोप एका अंगावर काटा आणणाऱ्या धुनेसह येई. त्या पिढीतले जपानी लोक ती धून विसरलेले नाहीत.

तिसऱ्या खेळाला २५६ किलोबाइट मिळाले, तेही पुरले नाहीत. अखेर सुरुवातीचं शीर्षकचित्रच काढून टाकलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा दिसणारी गोष्ट त्यांनी सोडली आणि ती जागा आतल्या गावांना, माणसांना दिली.

खेळ बाजारात आला तो दिवस, १० फेब्रुवारी १९८८, बुधवार होता. तोक्योत दुकानांपुढे रांगा लागल्या, शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं, नवी कॅसेट घेऊन घरी निघालेल्या पोरांना लुटण्याचेही प्रकार झाले. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या. फॅमिकॉमवरचा एकूण खप सुमारे ३८ लाख. सुट्टीच्या दिवशीच हा खेळ विकावा असा कायदा झाल्याचं अजून सांगितलं जातं. तसा कायदा झाला नाही. पुढचा भाग मात्र एनिक्सने रविवारी विकायला काढला.

खेळाचं खरं मर्म लुइदाच्या मद्यालयात आहे. सोळाव्या वाढदिवशी घराबाहेर पडलेला आपला वीर तिथे सोबती घेतो, आणि ते सोबती आपणच घडवतो: नाव आपण ठेवायचं, योद्धा की जादूगार हे आपण ठरवायचं. त्यांना खेळात एकही संवाद नाही, त्यामुळे मुलांनी मित्रांची, भावंडांची नावं दिली आणि स्वभाव स्वतःच कल्पिले. पुढे दामाच्या मंदिरात पेशा बदलता येतो. पातळी पुन्हा एकवर येते, अंगची ताकद निम्मी होते, शिकलेले मंत्र मात्र राहतात. सगळ्यात सुंदर योजना उडाणटप्पूची. ऐन लढाईत तो हुकूम न पाळता टिवल्याबावल्या करतो. इतरांना ज्ञानी व्हायचं तर एक दुर्मीळ ग्रंथ मिळवावा लागतो. त्याला मात्र विसाव्या पातळीपर्यंत सांभाळलं की तो ग्रंथाशिवाय थेट ज्ञानी होतो. एवढी माया लावणारे नियम मी फार थोड्या खेळांत पाहिलेत.

जागेच्या टंचाईने एक जखमही केली. वीराचा बाप ओर्तेगा त्याच्या आधी या मोहिमेवर निघून नाहीसा झालेला. शेवटच्या किल्ल्यात तो एकटा राक्षसाशी झुंजताना दिसतो, आपल्याला मध्ये पडता येत नाही, आणि मरताना समोर आपलंच मूल आहे हेही त्याला कळत नाही. पण १९८८ मध्ये त्याच्यासाठी वेगळं चित्र ठेवायला जागा उरली नव्हती. म्हणून तो महान वीर दिसला बुरखा घातलेल्या उघड्याबंब कांदाताच्या रूपात, ज्या डाकूने तानियाला पळवलं त्याच्या! शब्दांनी तो प्रसंग तरीही तारला.

१९९६ मध्ये सुपर फॅमिकॉमवर खेळ पुन्हा घडवला, तेव्हा ओर्तेगाला स्वतःचं रूप मिळालं. २७ मे २०२१ रोजी स्क्वेअर एनिक्सने आणखी मोठी पुनर्निर्मिती जाहीर केली आणि १४ नोव्हेंबर २०२४ ला ती आली. सुगियामा सप्टेंबर २०२१ मध्ये गेले, तोरियामा मार्च २०२४ मध्ये. दोघांनाही ती पाहायला मिळाली नाही. शैली 'एचडी-टूडी': माणसं जुन्यासारखी चौकटी-चौकटींची, भोवतीचं पाणी, झाडं आणि प्रकाश मात्र खोली असलेले. ही निवड मला पटते. चेहरे पुसट राहिल्याने सोबत्यांचे स्वभाव अजूनही खेळणाऱ्याच्या हातात राहतात. संगीत तोक्योच्या महानगर सिम्फनी वाद्यवृंदाचं. ओर्तेगाच्या प्रवासाचे नवे प्रसंग घातलेत, आणि शेवटच्या भेटीला त्यामुळे आधार मिळाला. ही भर हवीच होती. मात्र पुढचा मुक्काम दाखवणारी खूणही आता पडद्यावर येते. ती बंद करता येते. जहाज मिळाल्यावर तरी ती बंद करावी, एवढं मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगेन.

एक गोष्ट मात्र कुणालाच पुन्हा घडवता येणार नव्हती. १९८८ मध्ये मोठा शत्रू मारून झाल्यावर जमिनीतल्या महाविवरात उडी घेतली की खाली अंधारलेला आलेफगार्द लागे, पहिल्या खेळातली भूमी, जवळजवळ जशीच्या तशी. आपण खेळत होतो तो वीरच पहिल्या खेळातल्या दंतकथेतला पूर्वज आहे, हे तिथे उमगायचं. दोन वर्षं आलेफगार्द मनात घेऊन वावरलेल्या मुलांसाठीच तो धक्का होता. नव्या पुनर्निर्मितीत क्रम उलटा झाला: तिसरा भाग २०२४ मध्ये, पहिला आणि दुसरा ३० ऑक्टोबर २०२५ ला. आता नवा खेळाडू दोमुदोरा हे गाव आधी नांदतं पाहतो. वीराच्या तलवारीचा धातू त्याला तिथल्या कुरणात सापडतो. पुढच्या वर्षी तो पहिल्या भागात त्याच गावी जातो, तेव्हा तिथे फक्त पडक्या भिंती आहेत, राक्षस आहेत, आणि त्याच वीराचं चिलखत आहे.